मायाप्पाचा उघड्या डोक्याचा फोटो

हं, तर फोटोवाला तीन वेळा काळ्या फडक्यात शिरला आणि तीन वेळा बाहेर आला, पण मायाप्पानं डोक्यावरचा पटका काही काढला नाही. काल इथवर आलो आणि जेवायची हाक आली. पुढ्यात ताट असताना मला गोष्ट सांगता येत नाही. एक तर भाकरी निवते, नाहीतर गोष्ट. म्हणून गप्प बसलो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागचं सांगतो, आणि मग पटक्याकडे येतो.

मायाप्पा म्हणजे आमच्या वाडीतला धनगर. वाडी सीनेच्या काठी, सोलापुरापासून चार कोस. गोष्ट तेहतीस सालची. तेव्हा तो चाळिशीला आला असेल. उंच, काटक, खांद्यावर घोंगडं, आणि बोलणं इतकं कमी की नवीन माणसाला वाटायचं हा मुका आहे. मेंढरांशी मात्र दिवसभर बोलायचा. दीडशे मेंढरं, आणि प्रत्येकीला नाव.

एकदा मंगळवारच्या बाजारात त्याची एक मेंढी दुसऱ्याच्या कळपात शिरली. कळप तीनशेचा, सगळ्या काळ्या. मालक म्हणाला, "ह्यात तुजी कंची ते बरमदेव बी सांगायचा न्हाय." मायाप्पानं नुसतं "ये राजे" म्हटलं. तीनशे माना खाली, एकच वर. मालकानं हात जोडले. मायाप्पा मला म्हणाला, "मेंढरं सोपी असत्यात रावजी. मानसं मला समदी सारकीच दिसत्यात. मी कापडावरनं वळखतो."

रावजी म्हणजे मी. वाडीच्या देवळात भरणाऱ्या शाळेत मराठी चौथी झालो आणि त्याच जोरावर सोलापुरात मिलच्या फाटकावर हजेरी मांडायला लागलो. आमच्या वाडीत अक्षर आलं की ते माझ्याकडे यायचं. कुणाचं समन्स असो, कुणाच्या मुलीची खुशाली असो, मीच वाचायचो.

त्या साली दसऱ्याच्या आधी मायाप्पाला बसऱ्याहून पत्र आलं. बसरा म्हणजे इराकातलं बंदर. मायाप्पाचा धाकटा भाऊ येडू मोठ्या लढाईत, सोळा साली, पलटणीच्या खेचरांवर म्हणून तिकडे गेला होता. लढाई संपली, खेचरं गेली, येडू बंदराच्या कामाला लागून तिथंच राहिला. वर्षाकाठी एक कार्ड यायचं. खुशाल आहे, आईला नमस्कार, मेंढरं किती झाली. सतरा वर्षं असं चाललं. हे पत्र मात्र पाकिटात होतं, आणि तिथल्या कुणा रत्नागिरीच्या कारकुनानं लिहिलं होतं.

मी वाचलं. येडूचे डोळे गेले होते. आधी आले, मग सुजले, मग एक गेला, आणि गेल्या उन्हाळ्यात दुसरा. बंदराच्या दवाखान्यात ठेवलं होतं. एकट्या आंधळ्या माणसाला बोटीवर घेत नाहीत. नात्यातलं कुणी न्यायला आलं तर त्याच्या हवाली करतील. शिमग्यापर्यंत वाट बघतील. त्यानंतर त्याला आतल्या मुलखात निराधारांच्या आश्रमात धाडतील, आणि मग त्याचा पत्ता कोण कळवणार, ते कारकुनालाही सांगता येत नव्हतं.

मायाप्पानं पत्र दोनदा वाचायला लावलं. त्याची आई, गोजाबाई, दारात बसून लोकर कातत होती. तिचा हात थांबला नाही, पण धागा दोनदा तुटला.

"कदी निगायचं?" मायाप्पानं विचारलं.

"तसं निघता येत नाही. सरकारचा पासपोर्ट लागतो. तो मिळाला की त्या मुलखाच्या सरकारचा शिक्का लागतो, त्याला व्हिसा म्हणतात."

"मेंढरं घिऊन मोगलाईत जातो तवा कोन शिक्का मागतंय?"

"निजामाची मोगलाई पायाखाली आहे, बाबा. हे समुद्रापलीकडं."

"मग पानी मागतंय का शिक्का?" म्हणाला, आणि घोंगडं झटकून उठला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कलेक्टर कचेरीत गेलो. आवारात लिंबाखाली चनमल्लप्पा अर्जनवीस बसायचा. कपाळाला विभूती, पुढ्यात ठेंगणं मेज, इंग्रजी पाचवीपर्यंत झालेली. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्याचा धंदा, आणि लिहिता लिहिता लोकांना रागावणं ही त्याची सवय. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. आतून त्यानं छापील इंग्रजी अर्ज आणला, टाक झटकला आणि सुरू झाला.

"नाव?"

"मायाप्पा."

"बापाचं?"

"कोंडीबा."

"राहायला कुठं?"

"पावसाळ्यात वाडीत. दिवाळी झाली की भीमंकाठी. मग मोगलाईत. शिमग्याला परत फिरतो, मग..."

"यप्पा! ही काय जंत्री लिहायची का मी? घर कुठाय घर?"

"घर वाडीत हाय की. मी नसतो."

चनमल्लप्पानं वाडी लिहिली. उंचीसाठी त्याला लिंबाच्या बुंध्याला उभं केलं, खडूची रेघ मारली आणि वीतभर पट्टीनं खालपासून मोजत गेला. जन्मसाल मीच सांगितलं. गोजाबाईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. मग पुढचा रकाना आला.

"अंगावर ओळखीची खूण?"

इतका वेळ खाली बघून बोलणारा मायाप्पा एकदम हसला. पटका पुढून बोटभर वर सारला आणि डाव्या भुवईपासून केसांत गेलेली जुनी खोक दाखवली. "ही येडूनं केल्याली. सा वर्साचा हुता, गोफन फिरवाय शिकत हुता. पाखरावर धोंडा मारला त्यो मला बसला. रगात बगून त्योच रडाय लागला, आन मी त्येला खांद्यावर घिऊन घरी आलो."

"हातावर गोंदलंय ते लिहू का? सोपं पडंल."

"ते जत्रंतल्या बाईनं केलंय. हीच लिवा."

चनमल्लप्पानं लिहिली. शाईनं, वळणदार. आणि तिथंच आमचं चुकलं, पण ते तेव्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. फोटो आम्ही आधीच काढून आणला होता. त्यात मायाप्पा गुलाबी पटका बांधून ताठ बसलेला, नवरदेव असल्यासारखा.

आतले अव्वल कारकून शांत गृहस्थ होते. अर्ज वाचला, नोंदवहीत चढवला, फोटो उजेडात धरला, आणि म्हणाले, "खूण कपाळावर लिहिलीये. फोटोत कपाळ कुठंय?"

आम्ही बघितलं. पटका भुवईला टेकलेला.

"परक्या बंदरात हा कागद कुणीतरी तपासणार. खूण जुळली नाही तर याला तिथून परत पाठवतील. पटका काढून फोटो आणा. अर्ज तोवर इथंच राहील."

चनमल्लप्पा म्हणाला, "रावसाहेब, हातावरचं गोंदण लिहून नवा अर्ज देतो की."

"नोंद झाली, आप्पा. आता खूण बदलली तर मीच विचारीन, का बदलली."

झालं. आम्ही पुन्हा फोटोवाल्याकडे. म्हातारा मुसलमान, नव्या पेठेत दुकान, सगळे उस्ताद म्हणायचे. बोलणं दखनी. काळ्या फडक्यात शिरून त्यानं बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, ये पटके का फोटो आरा, आदमी का नै. उतारो ना!" पुन्हा शिरला, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदाही तेच. मायाप्पा गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, आणि पटका होता तिथंच.

आलो का आता कालच्या जागेवर? आलो.

मी चिडलो. मिलमधून अर्धा दिवस मागून आलो होतो. "अरे, भावाचे डोळे गेले, आणि तुला पटक्याची पडलीय?"

मायाप्पानं माझ्याकडे बघितलं. "रावजी, तू आपल्याच वाडीतला न्हवं? डोस्कं उगडं करून बापय कदी बसतो?"

मग मला कळलं. आज तुम्ही मुलं उघड्या डोक्यानं हिंडता, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. आमच्यात तेव्हा घरात कुणी गेलं तरच पुरुष बोडक्या डोक्यानं चारचौघांत दिसायचा. वाटेत कुणी तसा भेटला की लोक आधी पायांतलं काढायचे आणि मग विचारायचे, कोण गेलं. आणि इथं तर त्याचं तसलं रूप कागदावर उतरणार, तो कागद खिशात घालून तो भावाला आणायला जाणार.

"भाऊ जित्ता हाय माजा," मायाप्पा उस्तादला म्हणाला. "त्येला आनाय चाललोय. मेल्याला न्हाय."

उस्तादच्या डोक्यावरही टोपी होतीच. त्यानं काळं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "समझ्या, बाबा, समझ्या," म्हणाला, आणि चहा मागवला. चहा झाला, फोटो नाही झाला.

चार दिवस असेच गेले. चनमल्लप्पा रोज आत जाऊन यायचा, अर्ज जिथल्या तिथं. मायाप्पा मेंढरांमागे. मला झोप लागेना. शिमगा काही कुणासाठी थांबत नाही. शेवटी रविवारी वाडीला गेलो आणि गोजाबाईपुढे सगळं मांडलं. म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं तरी ऐकेल.

म्हातारी टकळी फिरवत ऐकत होती. मायाप्पा कुडाला टेकून उभा. माझं संपल्यावर तिनं त्याच्याकडे न बघताच विचारलं, "तात्याबाफुडं कदी बसला हुतास रं?"

तात्याबा म्हणजे वाडीचा न्हावी.

"बुधवारी."

"पटका हुता का डोस्क्याव?"

"न्हावी पटक्यावरनं वस्तरा फिरवतोय व्हय?"

"मग बुधवारी कोन मेलं हुतं?"

एक कोकरू तेवढं ओरडलं.

"दर बुधवारी न्हाव्याफुडं डोस्कं उगडं करून बसतूस, तवा मी काय ऊर बडवून घेती का? जा, तात्याबाला संगं घिऊन जा. न्हाव्याफुडं बसल्याला मानूस न्हाव्याफुडं बसल्यालाच असतोय. त्यात अपशकून न्हाय."

मायाप्पानं बराच वेळ विचार केला. मेंढरू हरवलं की करायचा तसा, जमिनीकडे बघत. मग म्हणाला, "व्हय. ह्ये बराबर हाय." आणि म्हातारीनं एवढ्या चार दिवसांत पहिल्यांदा तोंडात पान घातलं.

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतून आमची मिरवणूकच गेली म्हणा. पुढे मी, मागे मायाप्पा, त्याच्या मागे धोकटी काखोटीला मारून तात्याबा. तात्याबाचं सगळं आयुष्य वाडीत गेलेलं. उस्तादच्या दुकानात भिंतीवर पडदा होता. त्यावर तळं, हंस आणि बंगला रंगवलेला. तात्याबानं बंगल्याला आधी नमस्कार केला. मग म्हणाला, "पानी आना."

"काय को पानी?" उस्ताद चमकला.

"हजामतीला."

"अरे, झूटमूट की करो ना!"

"खोटी करून कसं चालंल?" तात्याबानं वस्तरा चामड्यावर घासायला घेतला. "खोटी केली तर ह्यो नुसताच बोडका बसला म्हना की."

मायाप्पा मान हलवून म्हणाला, "बराबर हाय."

तेव्हा उस्तादनं घरातून तांब्या मागवला. मायाप्पानं स्वतःच्या हातानं पटका सोडला, घडी घालून मांडीवर ठेवला. तात्याबानं गळ्याभोवती पांढरं फडकं बांधलं, केसांवर पाणी मारलं, आणि रीतसर दाढी सुरू केली. इतक्या दिवसांचं दुखणं क्षणात सरलं. मायाप्पाचा चेहरा असा निवांत झाला की काय सांगू; न्हाव्याच्या हातात डोकं दिल्यावर माणूस होतो तसा. डोळे मिटायला लागले.

"आँखाँ खोलो बाबा, आँखाँ!" उस्ताद फडक्यातून ओरडला. "और वो नाऊ को बोलो, हाताँ हटाव!"

तात्याबानं हात काढला, पण डोकं हलू नये म्हणून बोट टेकवायची त्याची तीस वर्षांची सवय. ती काही निघाली नाही. फोटो धुऊन आला तेव्हा मायाप्पा समोर बघतोय, ओले केस मागे, डाव्या भुवईवरची खोक चांगली स्पष्ट, गळ्यात न्हाव्याचं फडकं, आणि कानाजवळ कोपऱ्यातून आलेला एक अंगठा.

चनमल्लप्पानं तो बघून कपाळाला हात लावला. "हे मी आत नेऊ? मला बाहेर काढतील, लिंबासकट!" पण नेला. आम्ही दोघं त्याच्या मागे दारात उभे.

अव्वल कारकुनांनी चष्मा वर केला. "खूण दिसतेय. बरं. हे गळ्यात काय?"

चनमल्लप्पा घाईनं म्हणाला, "उपरणं, रावसाहेब."

"न्हाव्याचं फडकं हाय," मायाप्पा दारातून म्हणाला.

मी डोळे मिटले.

"आणि अंगठा?"

"न्हाव्याचा."

"इतके दिवस फोटो का आणला नाहीस, आणि आता न्हाव्यासकट का आणलास?"

मायाप्पानं सांगितलं. येडू जिवंत आहे, बोडक्या डोक्याचा अर्थ काय होतो, म्हातारी काय म्हणाली, तात्याबानं खरीच दाढी कशी केली. आयुष्यात तो साहेबलोकांपुढे एवढा बोलला नसेल. कारकुनांच्या स्वतःच्या डोक्यावर पगडी होती. ऐकता ऐकता त्यांचा हात एकदा तिच्या कडेला लागला आणि खाली आला. मग त्यांनी नियमांचा कागद काढला, वरून खालपर्यंत वाचला, पुन्हा घडी करून ठेवला.

"फोटोत एकच चेहरा असावा, असं आहे," ते म्हणाले. "एकच आहे. फडक्याबद्दल काही लिहिलेलं नाही. अंगठ्याबद्दलही नाही." आणि डिंकाची बाटली पुढे ओढली.

पुढचं सगळं सरळ झालं, म्हणजे कचेऱ्यांत होतं तितपत सरळ. फौजदाराचा माणूस वाडीत चौकशीला आला. मायाप्पा नेमका भीमेकाठी. गोजाबाईनं त्याला ताक पाजून बसवून ठेवलं आणि माणूस धाडून लेकाला आणलं. प्रांतसाहेबांची सही झाली. कागद मुंबईला गेले. दीड महिन्यानं निळ्या पुठ्ठ्याचा पासपोर्ट आला. चनमल्लप्पानं तो हात धुऊन उघडला, आणि आवारातल्या सगळ्या अर्जनवीसांना दाखवून आणला. तात्याबाला आम्ही तो खास वाडीत नेऊन दाखवला. तो मरेपर्यंत गिऱ्हाइकांना सांगायचा, "माजा अंगटा बसऱ्याला जाऊन आलाय."

व्हिसाचा शिक्का मुंबईत मिळायचा, म्हणून मी रजा काढून त्याच्याबरोबर गेलो. इराकच्या कचेरीतल्या माणसानं पासपोर्ट घेतला, फोटो बघितला, मायाप्पाकडे बघितलं. मायाप्पा पटका सोडायला लागला, तर तो हातानं नको म्हणाला, कपाळाकडे बोट केलं. मायाप्पानं पुढून बोटभर वर सारला. शिक्का बसला. त्यावर त्यानं उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर मायाप्पा म्हणाला, "ह्यो लिवतोय उलटं, पर मानूस सुलटा हाय."

पौषात त्याला बोटीवर बसवलं. घोंगडं, तांब्या, आईनं दिलेल्या दशम्या आणि पोटाशी बांधलेला पासपोर्ट. बोट हलली तेव्हा मला एकदम वाटलं, हे आपण काय केलं? ज्यानं समुद्र आजच बघितला, ज्याला माणसं सारखीच दिसतात, त्याला आपण सातासमुद्रापार एका आंधळ्याला आणायला धाडला. आता एकाच्या जागी दोघं हरवले तर म्हातारीला काय सांगायचं?

माघ गेला. पत्र नाही. गोजाबाई दर मंगळवारी कुणाच्या तरी गाडीतून बाजाराला यायची आणि मिलच्या फाटकाशी उभी राहायची. काही विचारायची नाही. मी मान हलवली की निघून जायची.

फाल्गुनात, शिमग्याला आठ दिवस असताना, मुंबईहून तार आली. उद्याच्या गाडीनं येतोय. नाव मायाप्पाचं. मी चनमल्लप्पाला सांगितलं, त्यानं दुसऱ्या दिवशी मेज मांडलंच नाही. वाडीहून गोजाबाई आली, तात्याबा आला. आम्ही स्टेशनात उभे.

गाडी थांबली. आधी उतरला येडू. खाकी कोट, हातात वेताची काठी, डोळे मिटलेले, पण चाल अशी की फलाट त्याच्या बापाचा. डब्याच्या पायऱ्या काठीनं एकदा चाचपल्या आणि उतरला. मागे वळून हात वर केला, आणि त्या हाताला धरून, डोक्यावर गाठोडं आणि पटका सावरत, मायाप्पा उतरला.

गोजाबाईनं येडूच्या तोंडावरून हात फिरवला. तो म्हणाला, "आये, तू लई बारीक झालीस." तिनं पदर तोंडाला लावला. आम्ही जरा लांब सरकलो.

थोड्या वेळानं चनमल्लप्पा पुढे झाला आणि त्यानं मायाप्पाच्या पाठीवर जोरात थाप मारली. "शाबास रे मायाप्पा! इतका लांब दर्या ओलांडलास, भावाला आणलंस की रे!"

मायाप्पानं गाठोडं खाली ठेवलं. त्याचं उत्तर मला अजून जसंच्या तसं पाठ आहे. तो म्हणाला:

"मी कुटं आनलं, आप्पा? धक्क्यावर उतरलो तर माज्या डोळ्यांला काय बी उमगंना. कचेरी कुटं, बोट कुटं, गोड पानी कुटं, कुनाशी कंच्या बोलीत बोलायचं, समदं ह्येलाच ठावं. ह्येनंच मला हाताला धरून हितवर आनला. मी नुसता कागद घिऊन ह्येच्या मागनं चालत हुतो."